बॅटरीची गन की हवेची? गाडीकामासाठी पहिली इम्पॅक्ट रेंच निवडताना

पहिली गन, म्हणजे नट-बोल्ट काढायची इम्पॅक्ट रेंच, घ्यायला निघालेला माणूस हमखास विचारतो, जोर कुणात जास्त, बॅटरीच्या गनमध्ये की हवेच्या? प्रश्न साहजिक आहे, पण त्याचं उत्तर मिळून फारसं काही हाती लागत नाही. गाडीचं चाक उतरवायला पुरून उरेल एवढा जोर आज दोन्हींत मिळतो. निवड करायची असते ती गनच्या मागे उभ्या असलेल्या सोयीची. एकीकडे कंप्रेसर, टाकी, नळी, ती जोडायचे कपलर आणि पाणी गाळायचं भांडं. दुसरीकडे बॅटऱ्या आणि चार्जर. या दोन संसारांपैकी कुठला तुमच्या जागेत, तुमच्या कामात नांदेल ते आधी ठरवा. गन सगळ्यात शेवटी निवडा. मी स्वतः उलट्या क्रमाने गेलो होतो. आधी झकास हवेची गन आणली, मग तिला पुरेल असा कंप्रेसर आपल्याकडे नाही हे कळलं. ती गन पुढचं वर्षभर एका चाकाचे नटसुद्धा धड काढत नव्हती, आणि दोष तिचा नव्हता.

आधी गन आतून समजून घ्या

साधा ड्रिल किंवा पाना नट सतत पिळत राहतो. इम्पॅक्ट गन पिळत नाही, घाव घालते. तिच्या तोंडाशी एक जड फिरता हातोडा असतो आणि त्याच्यापुढे ऐरण; ऐरणीचं चौकोनी टोक बाहेर आलेलं असतं, त्यावर आपण गोटी, म्हणजे नटावर बसणारा सॉकेट, चढवतो. नट सैल असेपर्यंत सगळं एकत्र गरगर फिरतं. नट अडला की ऐरण थांबते, पण मोटर थांबत नाही. बॅटरीच्या गनमध्ये हातोडा मागच्या स्प्रिंगला दाबत मागे सरकतो, ऐरणीच्या कानावरून उडी मारतो आणि पुढच्या कानावर जाऊन आदळतो. हवेच्या गनमध्ये रचना थोडी वेगळी असते, बऱ्याचदा दोन हातोडे असतात, पण तत्त्व तेच. असे घाव मिनिटाला हजाराच्या वर, काही गनमध्ये तीन हजारांच्याही पुढे पडतात.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढचा सगळा लेख त्यांच्यावर उभा आहे.

पहिली अशी, की घाव क्षणभराचा असल्याने त्याचा उलटा झटका तुमच्या मनगटापर्यंत फारसा पोचत नाही. सत्तर किलोचा माणूस एक मीटर लांबीच्या पाइपच्या टोकावर पूर्ण वजन टाकतो तेव्हा नटावर साधारण ६९० न्यूटन-मीटरचा पीळ पडतो, आणि पाइप सटकला तर माणूस तोंडावर आपटतो. तेवढ्याच ताकदीची गन एका हातात धरता येते. शिवाय घावांच्या हादऱ्यांनी आट्यांमधला गंज मोडतो, जे नुसत्या दाबाने होत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. घाव वाटेत कुणीतरी खाऊ शकतो. हातोडा आणि नट यांच्यामध्ये लांब एक्स्टेंशन, म्हणजे लांबी वाढवणारी दांडी, आलं, वाकणारा युनिव्हर्सल जॉइंट आला, झिजून ढिली झालेली गोटी आली, की प्रत्येक जण थोडाथोडा घाव गिळतो. गोधडीवर हातोडा मारल्यासारखं होतं. म्हणून डब्यावरचा आकडा नटावर कधीच जसाच्या तसा उतरत नाही. गन बदलण्याआधी एक्स्टेंशन काढून बघा. निम्म्या वेळा काम तिथेच होतं.

कुठले नट काढायचे आहेत ते कागदावर लिहा

हे कंटाळवाणं वाटेल, पण दहा मिनिटांचं काम आहे. दुचाकीच्या मागच्या चाकाचा एक्सल नट साधारण ६० ते ११० न्यूटन-मीटरला आवळलेला असतो. मोटारीच्या चाकाचे नट बहुतेक गाड्यांत ८० ते १४० च्या दरम्यान. हब नट, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा मोठा नट, २०० ते ३०० पर्यंत सहज जातो. क्रँक पुलीचा बोल्ट त्याच पंगतीतला, शिवाय अडचणीच्या जागी. अवजड ट्रकच्या चाकाचे नट मात्र वेगळ्याच जातीचे: ६०० न्यूटन-मीटर आणि त्यापुढे.

हे आवळण्याचे आकडे झाले. पाच वर्षं पावसापाण्यात राहिलेला, आधीच्या कुणीतरी गनने बेफाम आवळलेला नट सुटताना याच्या दुप्पटही मागू शकतो. म्हणून मोटारीच्या कामाला सोडवण्याचा जोर ५०० ते ७०० न्यूटन-मीटर असलेली अर्ध्या इंची गन पुरेशी आहे. हजार-बाराशेचे आकडे बघून भुलू नका. जास्त ताकदीची गन जड असते, चाकाच्या कमानीत मावत नाही, आणि नवख्या हातात ती बोल्ट तोडण्याचं यंत्र होते.

इथे डब्यावरची एक खोच. बऱ्याच कंपन्या दोन आकडे छापतात: एक आवळण्याचा, एक सोडवण्याचा. मोठ्या टाइपात नेहमी सोडवण्याचा असतो, कारण तो मोठा असतो. दोन गनची तुलना करायची तर आवळण्याची आवळण्याशी आणि सोडवण्याची सोडवण्याशीच करा. आकडा फूट-पाउंडमध्ये असेल तर १.३५६ ने गुणा, म्हणजे न्यूटन-मीटर मिळतील.

चौकोनी टोकाचं माप, म्हणजे ड्राइव्ह, यावरही बरंच ठरतं. तीन सुताची (३/८ इंच) गन छोटी, हलकी, इंजिनच्या आसपासच्या आणि दुचाकीच्या कामाला. अर्धा इंच मोटारीसाठी. पाऊण आणि एक इंच अवजड वाहनांसाठी. पहिली गन अर्ध्या इंचीच घ्या, दुचाकीच करणार असाल तर तीन सुताची.

हवेचा हिशेब

हवेची गन हातात घेतली की आवडतेच. सुटसुटीत, आतमध्ये वायर नाही की सर्किट नाही. फिरत्या रोटरमधल्या पात्यांवर हवा आदळते आणि मोटर पळते. अडकून बसली तरी जळत नाही, दिवसभर चालवली तरी तापत नाही, उलट बाहेर पडणाऱ्या हवेने बोटं गार पडतात. पाती झिजली तर बदलता येतात. नीट तेल दिलेली हवेची गन वर्षानुवर्षं चालते आणि उघडून दुरुस्त करायला सोपी असते. बॅटरीच्या गनचं सर्किट गेलं तर दुरुस्तीपेक्षा नवी घेणं परवडेल असा प्रसंग येतो.

आता तिची भूक बघा. बहुतेक गन ९० पीएसआय, म्हणजे साधारण ६.२ बार दाबासाठी बनवलेल्या असतात. हा दाब गनमध्ये हवा शिरते त्या तोंडाशी, घोडा दाबलेला असताना मिळायला हवा. कंप्रेसरवरचा काटा ९० दाखवतो म्हणजे गनला ९० मिळतात असं नाही. हवा वाहायला लागली की नळीत, कपलरमध्ये, गाळणीत दाब सांडत जातो.

डब्यावर अर्ध्या इंची गनचा हवेचा वापर चार-पाच सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट, लिहिलेला असतो. तो मध्येमध्ये थांबत वापरल्याचा सरासरी आकडा आहे. घोडा सलग दाबून धरला तर तीच गन २० सीएफएमच्या आसपास ओढते. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८.३ लिटर, तेव्हा २० सीएफएम म्हणजे सेकंदाला जवळजवळ साडेनऊ लिटर हवा.

समजा तुमच्याकडे ५० लिटरची टाकी आहे. ती ८ बारला भरली आणि गन ६ बारपर्यंतच नीट चालते असं धरलं, तर वापरायला मिळाली ५० गुणिले २, म्हणजे १०० लिटर मोकळी, बाहेरच्या साध्या दाबाची हवा. दोन अश्वशक्तीचा कंप्रेसर त्या वेळात सेकंदाला तीनेक लिटर परत भरत असतो. म्हणजे टाकी सेकंदाला साडेसहा लिटरने रिकामी होते, आणि पंधरा सेकंदांत तुमचा जोर संपतो. एका नटाला दोन-तीन सेकंद धरले तर पाच-सहा नट. एक चाक! मग अर्धा-पाऊण मिनिट कंप्रेसरच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं आणि दुसऱ्या चाकाकडे वळायचं. घरच्या कामाला हे चालतं, वाईट काही नाही. पण दिवसाला दहा गाड्या येणाऱ्या जागी हाच कंप्रेसर दम टाकत दिवस काढेल आणि लवकर मान टाकेल. गॅरेजसाठी मोठी टाकी आणि त्याला साजेसा पंप लागतो. टाकी मोठी आणि पंप छोटा ही जोडी फसवी, कारण भरायला तेवढाच जास्त वेळ जातो.

नळीकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि घोळ सगळ्यात जास्त तिथेच असतो. आतून दोन सुताची, गुंडाळलेली रंगीत नळी दिसायला छान असते, टायरमध्ये हवा भरायला ठीक असते. गनसाठी आतून तीन सुताची नळी घ्या. वाट सव्वादोन पट मोठी होते, आणि तेवढ्याच हवेला तेवढ्याच लांबीत दाबाची सांड सुमारे सातपट कमी होते, कारण व्यास थोडा वाढला तरी घर्षण झपाट्याने घटतं. पाऊण आणि एक इंची गनना अर्ध्या इंची नळी लागते. कपलरही मोठ्या भोकाचे घ्या. माझ्या त्या पहिल्या गनचं दुखणं अर्धं कंप्रेसरचं होतं आणि अर्धं अशाच एका बारीक गुंडाळीच्या नळीचं.

हवा दाबली की तिच्यातलं बाष्प पाणी होऊन टाकीत साचतं. ते रोज तळाच्या नळातून सोडायचं. नाहीतर टाकी आतून गंजते, आणि गंजलेली दाबाची टाकी म्हणजे काय ते सांगायला नको. पाणी गनमध्ये गेलं की पाती चिकटतात. म्हणून वाटेत गाळणी हवी. रोज काम सुरू करण्याआधी गनच्या हवा शिरण्याच्या तोंडात हवेच्या अवजारांचं तेल चार-पाच थेंब टाका. इंजिन ऑइल नको, ते आत चिकट राळ करतं. आणि एक गोष्ट कानावर घालून ठेवतो: हवेची लाइन साध्या पीव्हीसी पाइपची कधीही टाकू नका. दाबाखाली तो पाइप फुटतो तेव्हा चिरत नाही, त्याचे तुकडे उडतात.

बॅटरीचा हिशेब

बिनवायरीचा ड्रिल ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्येच आणला होता, पण तेव्हाच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांनी चाकाचे नट काढायचं कुणाच्या मनात आलं नसतं. लिथियम-आयन सेल आणि बिनब्रशची मोटर एकत्र आली तेव्हा कुठे बॅटरीची गन हवेच्या गनच्या शेजारी उभी राहिली.

डब्यावर कुठे १८ व्होल्ट लिहिलेलं असतं, कुठे २०. दोन्ही बॅटऱ्या एकच आहेत. आत पाच सेल ओळीने जोडलेले असतात. प्रत्येकाचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, म्हणजे पाचाचे १८. नुकतं चार्ज केलेले सेल चार व्होल्टच्या पुढे असतात, त्यावरून २० छापायचं. तेव्हा '२० व्होल्ट जास्त ताकदीची' असं कुणी समजावलं तर हसून सोडून द्या.

अँपिअर-तासांच्या, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्या आकड्यात मात्र जीव आहे, आणि तो फक्त किती वेळ चालेल एवढ्यापुरता नाही. गन घाव घालत असताना समजा ६०० वॅट ओढते. १८ व्होल्टवर ते ३३ अँपिअर झाले. दोन अँपिअर-तासाच्या छोट्या बॅटरीत एकच रांग, पाच सेल. सगळे ३३ अँपिअर त्याच पाचांतून जायचे. पाच अँपिअर-तासाच्या बॅटरीत सहसा दोन रांगा असतात, प्रत्येकीला निम्मा भार. सेलला भार कमी आला की व्होल्टेज कमी घसरतं, मोटरला जास्त मिळतं, गन जोरात चालते. म्हणजे त्याच गनला मोठी बॅटरी लावली तर तिचा जोर वाढतो. दुकानात छोट्या बॅटरीसकट येणारा संच स्वस्त का पडतो ते यावरून कळेल. मोठी गन घेताय तर किमान पाच अँपिअर-तासाची बॅटरी घ्या.

किती नट निघतील? पाच अँपिअर-तास गुणिले १८ म्हणजे ९० वॅट-तास. ६०० वॅटने नऊ मिनिटं घोडा दाबून धरता येईल. एका नटाला तीन सेकंद म्हटले तर १८० नट, कागदावर. प्रत्यक्षात निम्मे धरा, कारण गंज, थंडी, जुनी बॅटरी असं काही ना काही असतंच. तरी घरची गाडी असणाऱ्याला एका चार्जमध्ये चारही चाकं उतरवून चढवून बॅटरी उरते. गॅरेजमध्ये दोन बॅटऱ्या आळीपाळीने लागतात.

सगळ्यात मोठी गोष्ट अजून सांगायचीच आहे. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या गनला सहसा बसत नाही. पहिली बॅटरी घेता तेव्हा तुम्ही एका घराण्यात सोयरीक करता. पुढे ग्राइंडर, ड्रिल, दिवा, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप, सगळं त्याच घराण्यातून घ्यायला सोपं जातं. म्हणून गन बघताना त्या बॅटरीवर आणखी काय काय चालतं ते बघा. तुमच्याकडे आधीच एखादा ड्रिल असेल तर निवड जवळजवळ झालीच म्हणायची.

बॅटरीची गन पहिल्यांदा घेताना बिनब्रशचीच घ्या, म्हणजे डब्यावर ब्रशलेस लिहिलेली. ब्रशची मोटर झिजते, जास्त तापते. बॅटरी उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका. शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज करू नका, सेल कायमचे बिघडतात. आधी खोलीत आणून कोमट होऊ द्या. महिनोन् महिने वापरणार नसाल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता साधारण निम्मी भरून ठेवा.

मग कुणी काय घ्यावं

माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्याकडे आधीपासून मोठा कंप्रेसर नाही, त्याने गनसाठी म्हणून कंप्रेसर घेऊ नये. बॅटरीची घ्यावी. घरच्या गाड्या करणारा, रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीकडे जाणारा, भाड्याच्या जागेत काम करणारा, या सगळ्यांना बॅटरीच. नळी ओढत फिरायचं नाही, गाडीखालून वळसा घालायचा नाही, शेजाऱ्यांना कंप्रेसरचा धडधडाट ऐकवायचा नाही.

हवा कुणासाठी? ज्या जागी कंप्रेसर कसाही लागणारच आहे. टायरचं काम, रंगकाम, सफाई, हवेवर चालणारे लिफ्ट. तिथे हवेची गन ही वरचा थोडासा खर्च असते, आणि एकाच बाकावर दिवसभर तेच काम करणाऱ्याला तिच्याइतकी सोशिक सोबत नाही. बॅटरी संपत नाही, हरवत नाही, दोन-तीन वर्षांनी म्हातारी होत नाही. अवजड वाहनांच्या एक इंची कामातही हवा अजून ठाम आहे, जरी तिथेही बॅटरीच्या गन आता आल्या आहेत.

दोन्ही ठेवणारे बरेच असतात, आणि त्यात उधळपट्टी नाही: बाकाजवळ हवेची अर्धा इंची, आणि इंजिनच्या कोपऱ्यांसाठी बॅटरीची छोटी तीन सुताची. पण ती पुढची गोष्ट.

वजनाचं म्हणाल तर मोठ्या जोराची बॅटरीची अर्धा इंची गन बॅटरीसकट तीन किलोच्या आसपास जाते. प्लास्टिक मिश्र सांगाड्याची हवेची गन दोन किलोच्या आसपास असते, पण तिच्या शेपटाला नळीचं वजन लटकतं हे दुकानात कळत नाही. दुकानात गन डोक्याच्या वर धरून एक मिनिट उभे राहा. गाडीखाली तुम्ही तेच करणार आहात.

पेट्रोल सांडलेल्या किंवा टाकी उघडलेल्या जागी बॅटरीची गन नको. हवेच्या गनमध्ये वीज नसली तरी स्टीलवर स्टील आदळून ठिणगी उडू शकते, तेव्हा तिलाही सूट नाही. आधी पुसून घ्या, वारा खेळू द्या.

गोट्या, कान आणि हात

गन घेतली आणि जुन्या चकचकीत गोट्या लावल्या, ही नवख्याची ठरलेली चूक. चकचकीत गोट्या सहसा क्रोम व्हॅनेडियमच्या, कडक आणि ठिसूळ. हाताच्या पान्यासाठी बनवलेल्या. घावाखाली त्या तडकतात आणि तुकडा गोळीसारखा सुटतो. गनसाठी काळ्या, क्रोम मॉलिब्डेनमच्या, जाड भिंतीच्या इम्पॅक्ट गोट्याच हव्यात. सहा कोनांच्या घ्या, बारा कोनांच्या नको. बारा कोनांच्या गोट्या जुन्या नटाचे कोपरे गोल करतात. अलॉय चाकांसाठी बाहेरून प्लास्टिकचं आवरण असलेली पातळ गोटी मिळते, ती घेतली नाही तर चाकावर चरे उमटतात. चोरी रोखायच्या कुलपी नटाच्या चावीवर गन कधीच लावू नका. चावी फुटली की तो नट काढणं हा वेगळाच उद्योग होऊन बसतो.

डोळ्यांना चष्मा, हे सांगायची गरज नसावी. कानाचं मात्र सांगतो, कारण कान गेलेले कळत नाहीत. अशा गनचा आवाज सहज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेच्या निओश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतात, आणि १०० डेसिबल दिवसाला फक्त पंधरा मिनिटं. हवेची गन बाहेर पडणाऱ्या हवेचा आवाजही त्यात घालते. कानात बोळे घाला.

हाताच्या थरथरीचंही तसंच. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांची सरासरी थरथर २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाली की मालकाने उपाय करायला हवेत, आणि ५ ही कमाल मर्यादा. गनच्या पुस्तिकेत तिचा आकडा दिलेला असतो. तो १० असेल तर घोडा दाबलेला वेळ दिवसाला अर्धा तास झाला की पहिली रेघ ओलांडली जाते. घरच्या माणसाला याची काळजी नाही. टायरच्या दुकानात काम करणाऱ्याने मात्र बोटांची टोकं पांढरी पडू लागली, मुंग्या येऊ लागल्या तर दुर्लक्ष करू नये.

पहिल्या दिवशी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेला, उचलायच्या चाकाच्या विरुद्ध टोकाच्या चाकाला अडसर. गनने गाडी हलत नाही हे खरं, तरी पहिला ढिलेपणा चाक जमिनीवर असतानाच आणा. मग जॅकने उचला आणि जॅकखेरीज खाली भक्कम स्टँड लावा. गन चालू करण्याआधी दिशेचं बटण बघा, घोडा हलकेच दाबून गोटी कुठे फिरते ते डोळ्यांनी बघा. काढायच्या ऐवजी आवळत बसलेले मी खूप पाहिलेत, त्यात एकदा मीही होतो.

गोटी नटावर पूर्ण बसली की घोडा दाबा. सुटला तर एक-दोन सेकंदांत सुटतो. पाच-सहा सेकंदांत हलला नाही तर थांबा. तसंच दामटत राहून फक्त गोटी तापते. गंज सैल करणारं तेल मारून वाट पहा, मग अर्धा सेकंद आवळण्याच्या दिशेने आणि पुन्हा सोडवण्याच्या दिशेने, असं दोन-तीनदा करा. गंजाची पकड अशी मोडते. तरी नाही तर लांब टॉमी, म्हणजे गोटी फिरवायचा दांडा, आणि पाइप. गन असली म्हणून पाइप टाकून द्यायचा नसतो.

चढवताना गन जवळजवळ बाजूला ठेवा. हबचा आणि चाकाचा टेकण्याचा भाग ब्रशने गंज काढून साफ करा. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो आणि तेल लावलं की त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. प्रत्येक नट हाताने तीन-चार आटे चढवा. हाताने चढत नसेल तर तो तिरका बसलाय, आणि तिरक्या नटाला गन लावली की आटे गेलेच. मग गन सगळ्यात कमी जोरावर ठेवून नट नुसता टेकवा. एकामागून एक शेजारचे नट नाही, समोरासमोरचे, ताऱ्याच्या आकृतीत. चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते सांगणाऱ्या पान्याने, त्याच क्रमाने, पुस्तिकेतल्या आकड्याला आवळा. गनवरच्या एक-दोन-तीन या खुणा म्हणजे टॉर्क रेंच नव्हे. बॅटरी किती भरलेली आहे, टाकीत दाब किती आहे यावर त्याच खुणेचा जोर बदलतो.

ऑइलचा ड्रेन बोल्ट, स्पार्क प्लग, हेडचे बोल्ट, अॅल्युमिनियममध्ये जाणारं काहीही, यांना आवळायला गन लावू नका. काढायलाही विचार करूनच.

काम झाल्यावर हवेची गन असेल तर आधी टाकीकडून येणारी हवा बंद, मग घोडा दाबून नळीतली हवा सोडा, आणि मगच कपलर काढा. दाब असताना सुटलेली नळी सापासारखी फटके मारते. बॅटरीची असेल तर बॅटरी काढून ठेवा, पेटीत पडल्या पडल्या घोडा दाबला जाऊ नये म्हणून.

पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालली की चाकं गार असताना टॉर्क रेंच पुन्हा एकदा सगळ्या नटांवर फिरवा. एखादा पाव फेरा तरी फिरला तर त्या चाकाचा टेकण्याचा भाग काढून पुन्हा बघा. बहुतेक वेळा तिथे गंजाचा पापुद्रा राहून गेलेला सापडतो.